अर्धा ब्रेक

नोटीस बोर्ड दिसला की मी अजूनही तो खालून वाचते. बँकेत, सोसायटीत, दवाखान्यात, कुठेही. परवा गुडघे दाखवायला गेले होते. नंबर यायला वेळ होता म्हणून भिंतीवरचा एक कागद वाचत उभी राहिले, तर सून म्हणाली, "आई, एवढं वाकून काय बघताय? मजकूर वर सुरू होतोय." तिला काय सांगणार? म्हटलं, सवय आहे. ही सवय मला हत्तुरेअण्णांनी लावली, आणि तीही गुडघे धड होते त्या वयात, त्यामुळे आता सुटायची नाही.

सत्तर सालाच्या आगेमागे सोलापुरात एका मेडिकल कॉलेजच्या पॅथॉलॉजी विभागात मी टायपिस्ट होते. विभाग म्हणजे दोन लांबलचक खोल्या, डोळ्यांतून पाणी काढणारा फॉर्मॅलिनचा वास आणि डोक्यावर तापलेलं छत. सगळे दमलेले असायचे. डॉक्टर दमलेले, आम्ही दमलेले, पंखासुद्धा दमलेला. बाहेर व्हरांड्यात भिंतीला नोटीस बोर्ड होता, हिरव्या कापडाचा, वर जाळीचं दार. कुलपाची किल्ली कधीच हरवली होती, म्हणून दाराला सुतळी बांधलेली. कुठे जागा निघाली, कोणाची बदली झाली, पुण्या-मुंबईत कसलं ट्रेनिंग आहे, कोणाची छत्री हरवली, सगळं तिथेच लागायचं. लागायचं आणि लागल्या जागी पिवळं पडायचं, कारण वाचायला जीव कोणाला होता? वाचायचे एकटे अण्णा.

गुरुसिद्ध हत्तुरे, लॅब टेक्निशियन. उंच, सावळे, कपाळावर विभूतीचे पट्टे, पँटच्या पायाला सायकलच्या क्लिपा. कुंभारीहून रोज सायकल मारत यायचे. घरी कानडी, आमच्याशी मराठी, आणि चिडले की परत कानडी. पूर्वी एका गिरणीच्या दवाखान्यात रक्त-लघवी तपासायचे. ते काम सुटलं, तेव्हा कॉलेज नवं होतं, तिथे चिकटले. चिकटले म्हणजे तात्पुरते चिकटले. तो शब्द पुढे बराच येणार आहे.

सकाळी सायकल लावली की आधी बोर्ड. हात पाठीमागे बांधून, वाकून, एकेक कागद तळापासून वर वाचत जायचे. मी नवी असताना एकदा विचारलं, "अण्णा, उलटं का वाचता?"

"वरलं सगळं गोड लिवलेलं आसतंय बाई," ते म्हणाले. "पद काय, पगार काय, शिक्षान काय. खरं काय ते खालच्या वळीत. जागा कायम हाय का तात्पुरती. आदी ते बगायचं, मग वर चडायचं."

अकराला समोरच्या मल्लूच्या टपरीवरून चहा यायचा. अण्णा स्टुलावर बसायचे आणि बातम्या सुरू व्हायच्या. "मिरजेला एक जागा निघालीया. खालची वळ तात्पुरती. कोण हलायचं न्हाय." "नांदेडला कायम हाय, पण लई लांब. कुनाला सासुरवाडीपास्नं पळायचं आसंल तर सांगा." बातमी सांगून गप्प बसतील तर ते अण्णा कसले. कोणी कुठे अर्ज करायचा तेही तेच ठरवायचे, आणि मग पोरीचं लग्न जमवावं तसे हात धुऊन मागे लागायचे. यल्लप्पा आमच्याकडे झाडू मारायचा. त्याला त्यांनी सातवीला बसवलं, एकदा नापास झाला तर परत बसवलं, आणि लॅब अटेंडंट करून सोडलं. यल्लप्पाची बायको त्यांच्या पाया पडायची आणि यल्लप्पा त्यांना बघून लपायचा, कारण आता आठवीचं काढतील ही धास्ती.

गोड माणूस होता असं मात्र समजू नका. अर्जाची तारीख कोणी चुकवली तर अण्णा त्याच्याशी बोलणं टाकायचे. तारीख उलटलेले कागद ते बोर्डावरून काढूही द्यायचे नाहीत. "ऱ्हाऊ द्या. चुकलेलं पण बगाय पायजे मानसानं," म्हणायचे. शिपाई वैतागायचा, नव्या कागदाला जागाच उरायची नाही.

रेहाना शेख आमच्याकडे टेक्निशियन म्हणून लागली तेव्हा नुकतीच बी.एस्सी. झालेली. हुशार, हाताला वळण, पण चार माणसांसमोर तोंडातून शब्द फुटायचा नाही. पुण्याच्या ट्रेनिंगची नोटीस लागली. एकच जागा, मुलाखत डीनसमोर. अण्णांनी तिची तालीम घ्यायची ठरवली. आमचे विभागप्रमुख बर्वेसर, त्यांचा एक जुना मोडका चष्मा माझ्या ड्रॉवरमध्ये पडून होता. तो नाकावर चढवून अण्णा स्लाइडच्या रिकाम्या खोक्यावर बसले.

"मी डीन. आत या. बसा म्हनंपत्तुर बसायचं न्हाय."

पहिला प्रश्न हिमोग्लोबिनचा. रेहानाने खाली मान घालून का होईना, बरोबर सांगितलं. दुसरा प्रश्न आला, "सोलापुरात नळाला पानी किती दिवसाआड येतंय?"

रेहाना गोंधळली. "हमारे उधर तो आताच नै, अण्णा."

"डीनला आसं सांगायचं न्हाय. डीनच्या घरी रोज येतंय. त्यांना खोटं वाटंल."

रेहाना तोंडाला ओढणी लावून हसली. त्या हसण्याने की कशाने, पण प्रत्यक्ष मुलाखतीत ती बोलली आणि तिला जागा मिळाली. पुण्याला निघाली त्या दिवशी अण्णा एसटी स्टँडवर शेंगांच्या चटणीचा डबा घेऊन हजर. "चटनी आसली म्हंजे पुण्याचं काय बी गिळता येतंय," म्हणाले, आणि गाडी हलायच्या आत सायकलवर बसून परत. निरोपबिरोप त्यांना जमायचा नाही.

आता ब्रेक म्हणजे काय ते सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आम्ही सगळे तात्पुरते. सलग नोकरी झाली तर माणूस कायम करा म्हणेल, म्हणून दर सहा महिन्यांनी एक दिवस त्याची नोकरी तोडायची आणि दुसऱ्या दिवशी नवी ऑर्डर काढायची. त्या मधल्या दिवसाला ब्रेक म्हणत, आणि तो प्रत्येकाचा वेगळ्या तारखेला यायचा. त्या दिवशी तुम्ही कॉलेजचे कोणी नाही. त्या ऑर्डरी टाइप करायला मीच, आणि माझी ऑर्डरसुद्धा मीच. स्वतःला काढून टाकायचं, स्वतःला परत नेमायचं, सरांची सही घ्यायची आणि कार्बन कॉपी फाइलला लावायची. पहिल्यांदा रडू आलं होतं. पुढे पुढे तेवढंही येईना.

ब्रेकला कोण काय करायचं ते ठरलेलं होतं. रेहाना विजापूरला मावशीकडे जायची, यल्लप्पा दिवसभर ताणून द्यायचा, मी पापड लाटायला बसायची. अण्णा मात्र ब्रेकच्या दिवशीही यायचे. नेहमीच्या वेळेला, धुतलेले कपडे घालून, डबा घेऊन. फक्त आत यायचे नाहीत. सायकल स्टँडवर न लावता मल्लूच्या टपरीला टेकवायची आणि गेटसमोरच्या बाकड्यावर पेपर उघडून बसायचं. संध्याकाळी गिरणीचा भोंगा झाला की उठायचं आणि कुंभारीची वाट धरायची.

आम्हांला काही सापडलं नाही की यल्लप्पाला रस्त्यापलीकडे पिटाळायचो. अण्णा बसल्या जागेवरून सांगायचे, हे तिसऱ्या फळीवर, ते खिडकीत. पण उठायचे नाहीत. एकदा कातडी-मांसाचे पातळ काप करायचं यंत्र अडलं. बर्वेसर स्वतः गेटपर्यंत गेले. एप्रिलचं ऊन. सर गेटच्या आत, अण्णा गेटच्या बाहेर.

"हत्तुरे, आत या हो. दोन मिनिटांचं काम आहे."

"आज मी हितला न्हाय, सर."

"अहो, मी सांगतोय ना?"

"तुमी सांगताय ते बरोबर हाय. पन मी न्हायच की हितं. मी आसतो तर आलो आसतो."

शेवटी सरांनी गेटच्या गजांतून विचारलं आणि अण्णांनी गजांतून सांगितलं. घामाघूम होऊन सर परत आले आणि माझ्या टेबलापाशी थांबून म्हणाले, "बाई, या माणसाला कायम करायला हवा, नाहीतर मी मरेन." सर मूळचे पुण्याचे. सोलापूरच्या उन्हाशी त्यांचं कधी जमलं नाही.

घरी न बसता हा माणूस बाकड्यावर का बसतो, याचा उलगडा एका ब्रेकला झाला. मी टपरीवर चहा सांगायला गेले होते. तेवढ्यात टांग्यातून अण्णांची बायको उतरली, शिवम्मा. बहिणीला दवाखान्यात दाखवायला आणलं होतं. समोर नवरा बाकड्यावर.

"इल्ली याक कुंतीरी?" तिने विचारलं. इथं का बसलात? सोलापुरात राहून एवढं कानडी कळतंच.

अण्णांच्या हातातला पेपर तसाच राहिला. मग ते म्हणाले, साहेबांनी आज बाहेर बसवलंय, येणाऱ्याजाणाऱ्याला वाट सांगायला. यल्लप्पा चहाची किटली घेऊन माझ्यामागे उभा होता. तो शिकला कमी असेल, पण अक्कल जागेवर. त्याने रस्त्यावरचा एक अनोळखी म्हातारा दंडाला धरून पुढे आणला आणि म्हणाला, "अण्णा, ह्यो बाबा इचारतोय, एक्स-रे कुटं हाय?" म्हाताऱ्याने काहीएक विचारलं नव्हतं. अण्णांनी उठून हातवारे करत त्याला एक्स-रेची वाट सांगितली. म्हातारा बिचारा मुकाट्याने त्या वाटेला लागला.

शिवम्मा कौतुकाने बघत राहिली. मग तिला राग आला, सरकारी माणसाला असं उन्हात बसवतात, साहेबाला काही दयामाया? आणि आपली छत्री अण्णांच्या हातात देऊन ती बहिणीला घेऊन आत गेली. भोंगा होईपर्यंत अण्णा फुलाफुलांच्या बायकी छत्रीखाली बसून होते. आम्ही खिडकीतून बघून हसत होतो. नंतर नाही हसलो.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, "अण्णा, घरी सांगून टाका की एकदा. तात्पुरते आहोत म्हणावं, त्यात काय पाप आहे?"

"बाई, मिल सुटली तवा गावात लई बोलनी खाल्ली मी," ते स्लाइड पुसत म्हणाले. "सासरा तर दारात हुबा करत नव्हता. हितं लागलो आन् सांगून टाकलं, सरकारी हाय, कायम हाय. पोरगीचं लगीन बी त्याच्यावरच जमलं."

"म्हणजे खोटं बोललात."

"खोटं न्हाय, बाई. आदी बोल्लो. आज ना उद्या हुनारच की कायम. जरा आदी बोल्लो, येवढंच."

म्हणून तो बाकडा. म्हणून ती खालची ओळ. रोज सकाळी वाकून ते दुसऱ्यांच्या जागा वाचत होते खरे, पण शोधत होते तो एक शब्द, स्वतःसाठी. मला हे कळलं तेव्हापासून बोर्डासमोर वाकलेली त्यांची पाठ मला बघवायची नाही.

मग दुष्काळाचं साल आलं. त्या उन्हाळ्यात गॅस्ट्रोची साथ पसरली आणि दुष्काळी कामावरची माणसं ट्रकमधून भरभरून येऊ लागली. वॉर्डात खाटा संपल्या, मग व्हरांडे संपले. रेहाना पुण्याला ट्रेनिंगवर, बर्वेसर सकाळपासून वॉर्डात, आणि विभागात मी आणि यल्लप्पा. तपासायचे नमुने येऊन टेबलावर साचत होते. मला टाइपरायटर सोडून कशाला हात लावता येत नव्हता आणि यल्लप्पाला बाटल्या धुण्यापलीकडे काही. अण्णा समोर बाकड्यावर. त्यांचा ब्रेक नेमका त्या दिवशी.

मी खिडकीतून बघत होते. त्यांनी पेपर उघडला नव्हता. एकेक ट्रक येताना बघत होते. दुपारच्या सुमाराला एका ट्रकमधून एक बाई उतरवली, तिच्या कडेवर पोर होतं, ते मान टाकलेलं. अण्णा उठले. डबा बाकड्यावरच ठेवला, रस्ता ओलांडला, गेटमधून आत आले. विभागाच्या दाराशी त्यांनी चपला काढल्या.

"अण्णा, चपला कशाला काढताय?" मी विचारलं. आत चपला घालूनच सगळे वावरायचे.

"आज पावना हाय," ते म्हणाले आणि अनवाणी आत गेले.

तेवढंच बोलले. मग संध्याकाळपर्यंत मान वर केली नाही. सूक्ष्मदर्शकावर डोळा, हाताने लिहिणं, यल्लप्पा कागद घेऊन वॉर्डात पळतोय, परत येतोय. मल्लूने पाठवलेला चहा गार होऊन गेला. भोंगा झाला तोही कोणी ऐकला नाही. दिवे लागल्यावर बर्वेसर वॉर्डातून आले. डोळे खोल गेलेले, शर्टावर डाग. अण्णांना बघून उभेच राहिले.

"हत्तुरे, तुमचा ब्रेक होता ना?"

"हाय की, सर."

सर खुर्चीत बसले. मग म्हणाले, "असं करा. आजची सही करून टाका. ब्रेक उद्यावर ढकलू. ऑर्डर अजून ऑफिसात गेलेली नाही. बाई तारीख बदलून देतील."

माझ्या मशीनवर कागद चढवायचाच अवकाश होता. अण्णांनी हात पुसले. पाय जमिनीवर पुरते टेकवत नव्हते, टाचा दुखत असाव्यात. त्यांनी खिडकीतून टपरीकडे बघितलं, बाकड्याकडे.

"नको सर," ते म्हणाले. "अर्धा ब्रेक तर झालाय की. उद्या परत पैल्यापास्नं कोन बसनार त्या बाकड्यावर?"

आम्ही हसलो. सर हसले, मी हसले, यल्लप्पा तर भिंतीला टेकून हसला. इतके दमलो होतो की कशानेही हसू आलं असतं. सर म्हणाले, "तुमची मर्जी." अण्णांनी चपला घातल्या, बाकड्यावरून डबा उचलला आणि अंधारात सायकल काढली. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी नवी ऑर्डर घेऊन कामावर.

पावसाळा संपता संपता ती नोटीस लागली. अमुक तारखेला जे तात्पुरते कर्मचारी सेवेत होते त्या सगळ्यांना कायम करावं, अशी. एवढ्या वर्षांनी. अण्णांनीच ती पहिल्यांदा वाचली, खालून. मी टेबलावरून बघत होते. खालच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं, आणि मला त्यांचा चेहरा बाजूने दिसला. असा चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता, लहान पोरासारखा. मग बोट वर चढत गेलं. तारखेपाशी आलं. तिथे बराच वेळ राहिलं.

त्या दिवशी ते चहाची वाट न बघता आत आले आणि उभ्यानेच सांगितलं. "रेहाना, तुमी बसता. ट्रेनिंगवर हुता तरी सेवेतच धरतात. यल्लप्पा बसतोय. बाई, तुमी बसता."

"आणि तुम्ही?" रेहानाने विचारलं. ती नुकतीच पुण्याहून परतली होती.

"त्या दिवशी माजा ब्रेक हुता," अण्णा म्हणाले.

रेहाना त्या दिवशी इथे नव्हती, तिला काही कळेना. मला आणि यल्लप्पाला कळलं. तोच तो अनवाणी दिवस. वर्षाचे एवढे दिवस सोडून वरच्या कोणीतरी नेमकी तीच तारीख धरली होती, आणि ती का धरली हे आजतागायत कोणाला ठाऊक नाही.

बर्वेसर ऑफिसात गेले, भांडले. हा माणूस त्या दिवशी दिवसभर राबला, मी साक्षीला आहे म्हणाले. वर लिहिलं, परत लिहिलं. अण्णासुद्धा गेले, पोरीच्या लग्नातला कोट घालून. ऑफिसचे अधीक्षक काही वाईट माणूस नव्हते. ते अण्णांना म्हणाले, "हत्तुरे, तुम्ही त्या दिवशी आत होता हे मला माहीत आहे. माझा भाचा वॉर्डात होता, त्याचा रिपोर्ट तुमच्या अक्षरात आला. पण ऑर्डरीत तुमचा ब्रेक आहे. आता तो मी कुठे लपवू?" वरून उत्तर आलं, अपवाद करता येत नाही. मग सगळेच थकले. आधी सर थकले, मग अण्णा.

"होगली बिडी," त्यांनी सरांना सांगितलं. जाऊ द्या, सोडा. पण सुटलं नव्हतं. महिनाभर ते बोर्डाकडे न बघता आत यायचे. मान ताठ, सरळ आत. अकराचा चहा मुकाट्याने व्हायचा. कुठे काय निघालं, कोणाला पत्ता नाही. मला एकदाच म्हणाले, "आळस नडला बाई. दुसरं काय न्हाय. एक दिवस बाकड्यावर बसायचा आळस." मला रडू आलं आणि रागही आला. राग कोणावर, ते आजही नीट सांगता येत नाही.

त्यांना परत बोर्डाला लावलं ते रेहानाने. एका सकाळी ती बोर्डासमोर उभी राहिली आणि मोठ्यांदा नोटीस वाचायला लागली, वरून, मथळ्यापासून, जावक क्रमांकासकट. अण्णा सायकल लावत होते. पहिला कागद त्यांनी सोसला. दुसऱ्याला राहवलं नाही. "खालनं, रेहाना, खालनं," म्हणत आले आणि तिला बाजूला सारून वाकले. रेहाना माझ्याकडे बघून डोळे पुसत आत पळाली.

त्यानंतर विभागात तात्पुरते एकटे अण्णा. सहा महिन्यांनी एकच ऑर्डर टाइप करायची, एकच नाव. ब्रेकच्या दिवशी आम्ही डबे घेऊन टपरीवर जायचो. कायम माणसं बाकड्याभोवती उभी आणि मधे अण्णा बसलेले, भाकरी मोडत, कोणी कुठे अर्ज करायचा ते सांगत. बर्वेसरसुद्धा एकदा छत्री घेऊन आले होते.

असं करत करत अण्णांचं वय झालं. कायम माणूस निवृत्त होतो तेव्हा हार असतो, नारळ असतो, डीन दोन शब्द बोलतात. तात्पुरत्याची नुसती मुदत संपते. ब्रेक लागतो आणि पुढची ऑर्डर निघत नाही, झालं. सरांनी आदल्या दिवशी छोटा समारंभ करू म्हटलं. अण्णा म्हणाले, "ब्रेकला कोन हार घालतंय, सर?" आणि संध्याकाळी रोजच्यासारखे गेले. जाताना लॅबचा पांढरा कोट धुऊन खुंटीला टांगला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बघते तर ते बाकड्यावर. धुतलेले कपडे, विभूती, शेजारी डबा. आणि आमच्या बोर्डावर शिपाई नवा कागद लावत होता. मी तो वाचला, खालून. मग वरपर्यंत वाचला. दुपारपर्यंत काही मला बाहेर जाववलं नाही. शेवटी गेले. मल्लूने न सांगता दोन चहा ठेवले.

"बोर्डावर काय हाय?" अण्णांनी विचारलं.

"एक जागा निघालीय," मी म्हटलं. "आपल्याच विभागात. टेक्निशियनची."

ते समजले. कोणाची जागा ते विचारलं नाही. कपातल्या चहाकडे बघत म्हणाले, "खालची वळ?"

मला खोटं बोलावंसं वाटलं. पण या माणसाशी खालच्या ओळीबद्दल खोटं कसं बोलायचं?

"कायम," मी म्हटलं. "कायम लिहिलंय, अण्णा."

मल्लूचा स्टोव्ह तेवढा फरफरत होता. मग त्यांच्या तोंडावर हसू आलं, दमलेलं, पण हसूच.

"बगा बाई," ते म्हणाले, "मी खोटं न्हवतो बोल्लो. जरा लईच आदी बोल्लो."

त्यांनी चहा संपवला, पेपरची घडी करून डब्याच्या पिशवीत घातली आणि टपरीला टेकवलेली सायकल काढली. मी घड्याळात बघितलं. दुपार होती, भोंग्याला अजून खूप वेळ होता. त्या दिवशी अण्णा भोंग्यासाठी थांबले नाहीत, उन्हातच घरी गेले.